टॉप-अपची निविदा

आमच्याकडे साधा मिक्सर घ्यायचा असला तरी मी तीन दुकानांची दरपत्रकं मागवतो. हसू नका. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाचं असंच होतं. पेन्शन सुरू झाली, साताऱ्यात फ्लॅट झाला, डोक्यावरचे केस गेले, पण खातं काही अंगातून गेलं नाही. नोकरीतली अकरा वर्षं आम्ही कोयनानगरच्या वसाहतीत होतो. तिथं भूकंपाचा धक्का बसला की शेजारपाजारचे लोक पोरं काखोटीला मारून बाहेर पळायचे, आणि मी आधी घड्याळ बघून वेळ टिपून ठेवायचो. बायको अंगणातून ओरडायची, "अहो, आधी बाहेर या, मग टिपा!"

घर हलत असताना जो घड्याळ बघतो, त्याच्या हाती आरोग्य विम्याची माहितीपत्रकं लागली तर काय होईल? व्हायचं तेच झालं.

सुरुवात झाली संक्रांतीच्या सुमारास. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यातल्या एकाची बायपास झाली. सेवानिवृत्तांसाठी आमचा सगळ्यांचा एक गटविमा आहे, पण त्याची मर्यादा तिसऱ्याच दिवशी संपली आणि बिचाऱ्याच्या घरचे पैशासाठी दारोदार हिंडले. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी आम्ही उरलेले सगळे डॉक्टर आणि विमातज्ज्ञ झालो. कुणी म्हणालं टॉप-अप घ्या, कुणी म्हणालं सुपर टॉप-अप. मी घरी आलो ते हुकूम सुटल्यासारखाच.

बायकोला समोर बसवून समजावलं. "हे बघ, आपला गटविमा म्हणजे धरण. ते काठोकाठ भरलं की वरचं पाणी जातं त्या सांडव्याला टॉप-अप म्हणायचं. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च मूळ पॉलिसीनं करायचा, त्याच्या वरचा टॉप-अपनं."

"आणि धरण भरलंच नाही तर?"

"मग उत्तमच. टॉप-अपला हात लावायची गरज नाही."

"एवढंच ना? मग घेऊन टाका की."

घेऊन टाका! हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. सरकारी पैशानं कधी खिळाही 'घेऊन टाकला' नाही मी. आधी चौकशी, मग दरपत्रकं, मग तुलनात्मक तक्ता, मग मंजुरी. बायकोला हे सगळं पाठ आहे. तिनं हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेली.

पण लगेच परत आली. पदराला हात पुसत म्हणाली, "अहो, हल्ली डाव्या डोळ्यापुढं जरा धुरकट होतं. शेजारच्या वहिनी उद्या डोळे दाखवायला चालल्यात. त्यांच्याबरोबर जाऊन येऊ का?"

आता माझं उत्तर ऐका. मी चष्मा काढला, घडी करून ठेवला आणि साहेब कनिष्ठ लिपिकाला सांगतात त्या सुरात म्हणालो, "थांब. पॉलिसी होईपर्यंत कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर तुझं नाव नको. एकदा कागद झाला की तो 'पूर्वीचा आजार' होतो. मग कंपनी एक तर नाही म्हणते, नाहीतर तीन-तीन वर्षं थांबायला लावते. कागदावर नाही ते नाही, समजलं? पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली.

त्या दिवशी मी स्वतःवर लय खूश होतो. विमा कंपनीला कोळून प्यालेला माणूस! दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो तेव्हा ही युक्ती मी सगळ्यांना फुकट वाटली, आणि दोघांनी तर माझ्या पाठीवर थापही मारली.

मग मी कामाला लागलो. ड्रॉइंग शीट आणली, पट्टी-पेन्सिल घेतली आणि डायनिंग टेबलावर तक्ता आखला. एकवीस रकाने. हप्ता, वयाप्रमाणे हप्त्यात होणारी वाढ, खोलीभाड्याची मर्यादा, मोतीबिंदू, गुडघे, रुग्णवाहिका, सगळ्याला गुण. परदेशातल्या उपचारांना एक रकाना होता. आमच्या दोघांकडे पासपोर्ट नाही. एका योजनेत बाळंतपणाचा खर्चही मिळत होता. बायको त्रेसष्ट वर्षांची. तरी मी त्या योजनेला दोन गुण दिले, कारण सुविधा ती सुविधा. तक्ता टेबलावर पसरल्यामुळे आम्ही महिनाभर खाली बसून जेवलो.

एजंट तीन गाठले. एक आमच्या समोरच्या इमारतीतली सून, चुणचुणीत पोरगी. दुसरा माझाच जुना सहकारी, निवृत्तीनंतर एजन्सी घेतलेला. तिसरा सांगलीचा, सासुरवाडीच्या ओळखीचा. पोरगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, फोनवर दहा मिनिटांत भरून देते. सगळं खरं लिहायचं, झालं." मी तिच्याकडे दयेनं बघितलं आणि टाइप केलेलं पत्र हातात ठेवलं. दर बंद लखोट्यातच सादर करावेत. अंतिम मुदत अमुक तारीख, सायंकाळी पाच. मुदतीनंतर आलेल्या लखोट्यांचा विचार केला जाणार नाही. तिनं पत्र दोनदा वाचलं, चहा प्यायली आणि गेली. जिन्यात तिला हसू आवरलं नसावं, कारण खाली वॉचमन विचारत होता, "ताई, काय झालं?"

मुदतीच्या दिवशी पोरगी लखोटा घेऊन आली. घरात दुसरं पाकीट नसावं. आहेराचं पाकीट होतं ते, वर गणपती आणि खाली चिकटवलेला रुपया. सहकाऱ्यानं मात्र लाख लावून मोहर केली होती. शेवटी आमच्याच खात्यातला तो. सांगलीवाल्यानं दर पाठवले व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली हात जोडलेलं चित्र टाकून. ते मी अपात्र ठरवले.

लखोटे उघडायला समिती लागते. म्हणून बायकोला सदस्य केलं. ती गॅसवर आमटी ठेवून आली होती. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात, असं मी सांगितलं. तिनं पेन घेतलं आणि बरोबर आकड्यांवरून सही ठोकली.

"अगं, रेघ दिसत नाही का तुला? चांगली बी.ए. झालेली बाई तू!"

"नाही दिसली हो," ती हसून म्हणाली. "कुठाय, दाखवा."

मी तिचं बोट धरून रेघेवर ठेवलं आणि पुन्हा सही घेतली. बोट धरून ठेवावं लागलं तरी मला काही कळलं नाही. मला फक्त पान खराब झाल्याचं वाईट वाटलं.

एवढं करून लखोटे झाले दोनच. किमान तीन हवेत, हा नियम. दोनच आले तर काय करायचं, हे खात्यातल्या शिपायालाही माहीत असतं. फेरनिविदा! मी पुन्हा पत्रं काढली. दुसऱ्या फेरीत तिन्ही लखोटे आले, पण तोवर एका कंपनीनं दर बदलले होते. मग शुद्धिपत्रक. मग सहकारी मुलाकडे दोन महिने परगावी गेला. मग पावसाळा. पोरगी मधूनमधून गॅलरीतून विचारायची, "काका, झालं का?" मी गॅलरीतूनच सांगायचो, "प्रक्रिया सुरू आहे."

बायकोही विचारायची. "झालं का हो तुमचं ते?" मला वाटायचं, हिलाही आता तक्त्यात गोडी लागली. मी तिला नवे रकाने समजावून सांगायचो. ती शेवटपर्यंत ऐकायची आणि उठायची. त्याच दिवसांत तिनं पेपर वाचणं सोडलं. "तुम्हीच वाचून दाखवा की मोठ्यानं," म्हणायची. मी अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत सगळं वाचायचो, आवाज चढवून, हातवारे करून. मला वाटलं, उतारवयात माझ्यावरचं प्रेम वाढलंय. बोला आता!

संक्रांतीला सांगितलेले पंधरा दिवस असे दिवाळीपर्यंत आले.

भाऊबीजेला आम्ही मेव्हण्याकडे गेलो. सांगलीच्या अलीकडं त्याचं गाव, ऊस आहे, दोन म्हशी आहेत. माणूस सैन्यातून सुभेदार होऊन आलेला. बायकोपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण दरारा असा की सोसायटीचा चेअरमनही त्याच्यासमोर टोपी सरळ करतो. माझा तक्ता मी सोबत नेला होता, हे सांगायला नको. तो त्यानं उलटासुलटा करून बघितला.

"आवं दाजी, आमचं कार्ड दाखवलं की मिल्ट्रीवालं औषध देत्यात, इशय संपला. तुमी धा म्हैनं इमा बघताय, आन् अजून ठरंना? पोरगी बघाय जाणारीसुदिक एवढं चहा-पोहं खाईत न्हाईत की!"

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चिडलो. अडाणी माणसाला निविदा प्रक्रिया काय कळणार, असं मनात म्हणालो. तो अडाणी माणूस पुढच्या पाच मिनिटांत काय करणार होता, ते मला ठाऊक नव्हतं.

पाट मांडला. मेव्हणा टोपी घालून बसला. बायकोनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि हात पुढं केला. बोट टेकलं ते त्याच्या भुवईवर.

"आक्का, कपाळ वर हाय गं," तो हसला.

तिनं परत लावलं. या वेळी कानशिलावर. पोरं खिदळली. मग ती ओवाळायला लागली आणि निरांजन त्याच्या कानापाशी इतकं गेलं की त्याची सून ओरडली. मेव्हण्यानं हसणं थांबवलं. ताट तिच्या हातातून अलगद काढून खाली ठेवलं.

"आक्का, उजवा डोळा झाक."

"आता काय खेळ करतोस का?"

"झाक म्हंतो न्हवं."

तिनं झाकला. त्यानं हात तिच्या तोंडासमोर धरला. "किती बोटं हायती?"

तिनं मान वाकडी केली, जरा पुढं झुकली.

"दोन?" ती म्हणाली.

त्याची मूठ होती.

"कवापास्नं?" त्यानं विचारलं.

"झाले असतील नऊ-दहा महिने. आधी धुरकट होतं, मग जाळ्यासारखं काळं काळं यायला लागलं."

"आन् दाखवलं न्हाईस?"

"अरे, यांचा विमा व्हायचाय ना. त्याआधी डॉक्टरचा कागद झाला तर विमा मिळत नाही." हे तिनं अगदी समजावून सांगितल्यासारखं सांगितलं, माझंच वाक्य, माझ्याच सुरात. त्यात माझ्याबद्दल तक्रारीचा लवलेश नव्हता.

मेव्हणा माझ्याकडे वळला. "दाजी, ह्ये खरं हाय व्हय?"

"नाही, म्हणजे नियमाप्रमाणे बघायला गेलं तर..."

"नियम ऱ्हाऊ द्या. खरं हाय का न्हाई?"

"खरं आहे," मी म्हणालो.

तो पाटावरून उठला आणि फोन लावायला अंगणात गेला. त्याच्यासाठी केलेली बासुंदी तशीच राहिली. बायको मात्र मलाच म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या, तुमचं पित्त खवळतं." आणि मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. साखर इतकी वर की नर्सनं पुन्हा तपासली. डॉक्टर बाई वयानं आमच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत नेलं, बराच वेळ बघितलं. बाहेर येऊन सांगितलं की मधुमेह बरीच वर्षं असणार, कुणाला कळलाच नाही. डाव्या डोळ्यात पडद्यावर रक्त उतरलंय आणि ते जुनं झालंय. उजव्यातही सुरुवात आहे.

"डाव्याचं फारसं परत मिळेल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "उजवा राखू. इंजेक्शनं आणि लेझर लगेच सुरू करू. पण काकू, इतके दिवस का थांबलात? वेळेवर आला असतात तर हा डोळाही राहिला असता."

बायको पटकन म्हणाली, "लक्षातच नाही आलं हो. आत्ता फराळाचं करताना जाणवलं."

चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यासमोर पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलली, आणि तेही मला वाचवायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. "संक्रांतीलाच दाखवायचं म्हणाली होती. मी थांबवलं. टॉप-अप पॉलिसी घ्यायची होती, म्हणून."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मूळ पॉलिसी आहे ना तुमची?"

"आहे."

"मग हे त्यातच बसायला हवं. खाली विमा विभागात विचारून या."

मी खाली गेलो. खिडकीतल्या माणसानं गटविम्याचं कार्ड बघितलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "हो काका, सगळं बसतंय. तुमच्या या गटविम्यात पहिल्यापासूनचे आजारही धरतात." टॉप-अपचा संबंधच आला नाही. धरण निम्मंसुद्धा भरलं नाही. आणि हे त्या गटविम्याच्या पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर लिहिलेलं आहे. आधीच आपली असलेली पॉलिसी वाचायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकवीस रकाने आखले मी, पण ते पान उघडलं नाही. तिनं मागितली होती ती साधी, शेजारणीबरोबर रिक्षानं जाऊन येण्याची परवानगी. ती मी दिली असती तर तिचा डोळा राहिला असता. मी तिथं, पाण्याच्या मशीनपाशी, लोकांदेखत रडलो. मेव्हणा कागदी पेल्यात चहा घेऊन आला आणि म्हणाला, "प्या गप." तेवढंच.

पुढं टॉप-अपही घेतला. समोरची पोरगी आली, टेबलावर बसली. "पूर्वीचे आजार?" तिनं विचारलं. या वेळी बायको बोलली. मधुमेह, डोळे, गुडघे, सगळं तिनं एकेक करून सांगितलं आणि मी मध्ये तोंड घातलं नाही. हप्ता थोडा वाढला, त्या आजारांसाठी काही वर्षं थांबायला सांगितलं आणि पॉलिसी झाली. दहा नाही, बारा मिनिटं लागली. "काका, हे संक्रांतीलाही असंच झालं असतं," पोरगी जाताना म्हणाली. तिला बिचारीला ठाऊक नव्हतं ती काय बोलतेय. मी म्हणालो, "हो."

आता बायकोची साखर ताब्यात आहे. उजव्या डोळ्यानं मोठी अक्षरं वाचते. डावीकडून कुणी आलं तर दचकते, म्हणून मी घरात तिच्या उजवीकडूनच चालतो आणि येताना खाकरतो. ती म्हणते, "आता तुमचं तोंड अर्धंच दिसतं, तेवढंच बरं." मी हसतो. ती चेष्टा करते तोवर ठीक, नाहीतर मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर बसलो असतो?

गेल्या आठवड्यात सकाळी मी पेपर वाचून दाखवायला बसलो तर ती साडी बदलून, पर्स घेऊन बाहेर आली. दारात चपला शोधायला लागली.

"कुठं निघालीस?"

"गुडघे दाखवायला. नाव नोंदवलंय मी. रिक्षावाला येतोच आहे."

"मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजी संपली असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. "इथून पुढं विचारणार नाही."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. मी पेपरची घडी केली, उभा राहिलो, परत बसलो. चाळीस वर्षांत हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता.

"मी येऊ का?"

तिनं मान वळवून उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "या," ती म्हणाली. "पण डॉक्टरांशी मी बोलणार."